तान्ह्या पोळ्याचा नंदी व त्याचे परीक्षक

श्रावणी अमावास्येस पोळा होतो, हें महाराष्ट्रांतील कोणत्याही वाचकास सांगावयास नको. परंतु त्याच्या दुसऱ्या दिवशीं, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, नागपूर-वर्ध्याकडे गांवोगांवीं मुलांचा जो दुसरा पोळा भरतो, त्याचें नांवही पुण्या-मुंबईकडील पुष्कळांनीं ऐकलेलें नसतें. त्याला इकडे तान्हा पोळा म्हणतात. आदल्या दिवशीं बापाच्या खऱ्या बैलांचा मान. दुसऱ्या दिवशीं लेकराच्या लांकडी बैलाचा. चार चाकांच्या पाटावर उभा केलेला नंदी, त्याच्या पाठीवर झूल, शिंगांना बेगड, गळ्यांत घुंगुरमाळ, आणि पुढें दोरी धरून ओढणारें मूल, असा हा सोहळा असतो. मैदानांत तोरण बांधतात, त्याखालीं नंद्यांची रांग लागते, पूजा होते, बक्षिसें वांटलीं जातात, आणि मग मुलें आपापला नंदी ओढीत घरोघर बोजारा मागत फिरतात. बोजारा म्हणजे ओवाळणीसारखी हातावर ठेवलेली नाणीं, खाऊ, ज्याच्या घरीं जें असेल तें.

साहित्याच्या मासिकांत ह्या बालोत्सवाची चर्चा कशाला, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, जेथें एखादी कृति चांगली कीं वाईट हें ठरवून तिला पहिला-दुसरा क्रमांक दिला जातो, तेथें टीकेचा संबंध आपोआपच येतो. मग ती कृति महाकाव्य असो कीं लांकडाचा बैल असो. दुसरें कारण अधिक खाजगी आहे. गेल्या वर्षीं काटोल येथें तान्ह्या पोळ्याच्या एका स्पर्धेंत परीक्षक म्हणून बसण्याची पाळी आमच्यावर आली. पंचवीसांहून अधिक वर्षें आम्ही महाविद्यालयांत अभिरुचि म्हणजे काय हें विद्यार्थ्यांस शिकवीत आलों आहों. त्या सायंकाळीं अर्ध्या तासांत आम्हीं जो निर्णय दिला तो चुकला, अशी आमची आतां खात्री झाली आहे. आणि तो कां चुकला ह्याचा विचार करितां करितां हा लेख झाला.

नंदीची कुळकथा थोडक्यांत सांगतों. नागपूरकर भोसल्यांपैकीं दुसरे रघूजी ह्यांनीं मुलांसाठीं हा पोळा सुरू केला असें परंपरा सांगते, व त्याचें साल १८०६ देतात. नागपुरांत ह्याच दिवशीं काळी व पिवळी मारबत निघते. काळीची परंपरा १८८१ पासूनची व पिवळीची १८८५ पासूनची समजली जाते. वर्धा जिल्ह्यांतील सिंदी (रेल्वे) हें गांव तर आपल्या प्रचंड नंद्यांबद्दलच प्रसिद्ध आहे. परंतु चाकांवरचा बैल ह्या भूमींत ह्याहून कितीतरी जुना. १९७४ सालीं त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांत दायमाबाद येथें चार कांस्यमूर्ति सांपडल्या. बहुतेक संशोधक त्या उत्तर-हडप्पा काळांतल्या मानतात. त्यांपैकीं एक दोन बैलांचा रथ आहे, सुमारें ४५ सेंटीमीटर लांबीचा, व त्यांत हांकणारा पुरुष उभा आहे. हीं खेळणीं होतीं कीं पूजेच्या वस्तु होत्या, ह्याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. तान्हा पोळा पाहिलेल्या माणसास हा वाद थोडासा पुस्तकी वाटतो. आमच्या नंदीची सकाळीं हळदकुंकवानें पूजा होते आणि संध्याकाळीं तो गटाराच्या कांठीं चाकें वर करून पडलेला असतो. दोन्हीं वेळां तो नंदीच असतो.

काटोल हें जाम नदीच्या कांठचें, नागपूर-इटारसी लोहमार्गावरचें तालुक्याचें गांव. संत्र्यांबद्दल त्याची ख्याति आहे. पोळ्याच्या सुट्टीपासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंतचे दोन-अडीच महिने म्हणजे ह्या भागांतील घरांतून हाताच्या कामाचा हंगाम. पोळ्याला मातीचे बैल, दुसऱ्या दिवशीं लांकडाचे. त्यानंतर तिसऱ्या दिवशीं गणपतीचें मखर. भाद्रपदी पौर्णिमेपासून मुलींची भुलाबाई. आणि शेवटीं दिवाळीचा आकाशकंदील. आमच्या लहानपणीं ह्या हंगामास लागणारें सामान विकत आणावयाचें असतें, ही कल्पनाच मुलांच्या मनांत नव्हती. संत्र्याच्या गांवांत लांकडाला काय तोटा? फळें परगांवीं पाठविण्याच्या पेट्या तेव्हां पातळ फळ्यांच्या असत. फुटलेल्या पेटीच्या फळ्या मुलांच्या वांट्यास येत, व त्या उकलतांना निघालेले खिळे दगडावर ठोकून सरळ करणें हा अर्ध्या दिवसाचा उद्योग होई. झिजलेल्या रबरी चपलेंतून चाकें कापावयाचीं, सायकलच्या मोडक्या तारेचा आंस करावयाचा, बाभळीच्या कांट्यांची जोडी शिंगांच्या जागीं बसवावयाची, गुंजांचे डोळे चिकटवावयाचे, आणि सुतळी उलगडून तिचें शेपूट करावयाचें. ज्यांना फळ्या मिळत नसत तीं मुलें ज्वारीच्या वाळलेल्या धांड्यांची गाडी करीत. तिला खिळाही लागत नसे. धांड्याचा आंतला मऊ गाभा व वरची कडक साल हींच एकमेकांस धरून ठेवीत.

आतां ह्या आठवणींचा मोह येथेंच आवरला पाहिजे, कारण 'आमच्या वेळीं' ह्या शब्दांनीं सुरू झालेली टीका बहुधा टीका राहत नाहीं. शिवाय, पुढें दिसेल त्याप्रमाणें, ह्या सुवर्णकाळांत आमचा स्वतःचा हात फारसा गुंतलेला नव्हता.

स्पर्धेच्या मैदानांत साठ-सत्तर नंदी उभे होते. परीक्षकांस एक कागद मिळाला होता. त्यावर नंदीची सजावट, मुलाची वेषभूषा व एकंदर आकर्षकता असे तीन रकाने होते. 'घडण' असा रकाना नव्हता, आणि तो नाहीं हें आम्हांस त्या वेळीं खटकलेंही नाहीं. रांगेच्या मध्यभागीं एक सागवानी नंदी होता. सुताराचें काम उत्तमच होतें; मानेखालची पोळी, खांद्याचा वशिंड, खुरांची ठेवण ह्यांवरून कारागिराचा हात सराईत आहे हें कोणासही कळलें असतें. त्यावर रोगण असें चढविलें होतें कीं, पाहणाराचें तोंड त्यांत दिसावें. त्याची दोरी एका पांच वर्षांच्या मुलाच्या हातीं होती, पण नंदी त्या मुलाच्या डोक्यावरून दीड हात उंच असल्यामुळें मागून त्याचे वडील व काका तो ढकलीत होते. आम्हीं मुलास नंदीचें नांव विचारलें. त्यानें वडिलांच्या तोंडाकडे पाहिलें. वडिलांनीं नांव सांगितलें, आणि कोणत्या बाजारांतून व केवढ्यास आणला हेंही न विचारतां सांगितलें.

रांगेच्या टोंकास नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा बसला होता. उभा नव्हता, बसला होता, कारण त्याच्या नंदीचें पुढचें डावें चाक निखळलें होतें व तें तो पुन्हां बसवीत होता. नंदी पेटीच्या फळ्यांचा. एका फळीवर कोणा व्यापाऱ्याच्या शिक्क्याचीं अर्धींमुर्धीं अक्षरें अजून वाचतां येत होतीं, व तीं नेमकीं बैलाच्या बरगडीवर आलीं होतीं. झूल म्हणून जुन्या लुगड्याचा कांठ होता. नंदीची मान खालीं होती. इतर साऱ्या नंद्यांच्या माना वर. आम्हीं त्यास विचारलें, "चाक कां रे निघतें?"

"तार वाकते न सर," तो म्हणाला. "सायकलची हाय थे. जाड तार भेटली नाही."

मग आम्हीं कांहीं न विचारतांच त्यानें पुढें सांगितलें, "अन् पुढचे पाय आखूड कापल्या गेले. पहिले कापले थे बरोबर होते, पन थे फाटले. म्हून थो खाली पाह्यते." आणि क्षणभर थांबून, आमची परीक्षा पाहावी तसें आमच्याकडे पाहून, "चरून राह्यला थो," असें त्यानें सांगितलें.

आमच्या बरोबरीचे परीक्षक हंसले. आम्हीही हंसलों. नंतर कागदावर सजावटीचे, वेषाचे व आकर्षकतेचे गुण मांडून बेरीज केली. पहिला क्रमांक सागवानी नंदीस गेला. पेटीच्या नंदीस उत्तेजनार्थही कांहीं मिळालें नाहीं. कारण रांगेंतून तोरणापर्यंत तो नीट चाललाच नाहीं, आणि न चालणाऱ्या नंदीस बक्षीस कसें द्यावें, असा मुद्दा कोणीतरी काढला व तो सर्वांस पटला. सागवानी नंदी चालला होता कीं चालविला होता, हा प्रश्न कोणीं काढला नाहीं.

परत येतांना गाडींत आमच्या मनांत हें एकच वाक्य घोळत होतें: चरून राह्यला थो. पाय आखूड कापले गेले ही चूक. लांकूड संपलेलें, दुरुस्तीस वाव नाहीं ही अडचण. आणि त्या चुकीतून व अडचणींतून त्या मुलानें बैलाला एक स्थिति दिली, जी मैदानांतल्या दुसऱ्या कोणत्याही बैलाला नव्हती. उरलेले सारे बैल मिरवणुकींत उभे होते. हा एकटा रानांत होता. यमक जुळत नाहीं म्हणून कवि ओळ फिरवितो, आणि फिरविलेली ओळ मुळच्या कल्पनेहून सरस निघते, हें आम्ही वर्गांत दरवर्षीं उदाहरणें देऊन समजावून सांगतों. तें प्रत्यक्ष समोर घडलें तेव्हां आम्ही हंसलों आणि बेरीज केली.

आमच्या ह्या आंधळेपणाचें मूळ आम्हांस दूर शोधावें लागलें नाहीं. आमच्या घरीं फडताळांत एक पितळी पेला आहे, व त्यावर आमचें नांव कोरलेलें आहे. तो आम्हांस सात वर्षांच्या वयांत तान्ह्या पोळ्याचें बक्षीस म्हणून मिळाला. तो नंदी आमच्या मामांनीं केला होता. मामांचा हात फार चांगला. पेटीच्याच फळ्या, पण त्यांनीं त्या कानशीनें घांसून असा बैल उभा केला कीं, शेजारपाजारचे पाहावयास आले. तीन रात्री तें काम चाललें होतें. आम्ही जवळ बसूं लागलों कीं मामा प्रेमानेंच म्हणत, "तूं दूर हो राजा, बोट कापशील." आम्ही दूर झालों. पेला आम्हांस मिळाला, आणि आजतागायत आम्हांस खिळा सरळ ठोकतां येत नाहीं. मामांस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं; तसें प्रेम हल्लीं दुर्मिळ आहे. पण हातानें केलेली वस्तु आणि मुलाच्या हातानें झालेली वस्तु ह्या दोहोंत केवढें अंतर असतें, तें त्या पेल्याकडे पाहिलें म्हणजे आम्हांस कळतें.

ह्याच अंतरावर आपल्या वाङ्मयांतील एक थोर नाटक उभें आहे, आणि टीकाकारांनीं त्याकडे जावें तितकें लक्ष दिलें नाहीं असें आम्हांस वाटतें. शूद्रकाचें 'मृच्छकटिक' देवलांच्या संगीत रूपांतरामुळें मराठी घरोघरीं माहीत झालें. त्याच्या सहाव्या अंकांत चारुदत्ताचा लहान मुलगा रोहसेन रडतो आहे. शेजारच्या श्रीमंत मुलाच्या सोन्याच्या गाडीशीं तो खेळला. ती गाडी त्या मुलानें नेली. तेव्हां दासी रदनिका हिनें त्यास मातीची गाडी करून दिली. रोहसेनाला ती नको. त्याला सोन्याचीच हवी. वसंतसेनेच्या डोळ्यांस पाणी येतें, ती आपले अलंकार उतरून त्या मातीच्या गाडींत भरते व ह्याची सोन्याची गाडी करून घे म्हणते. ह्या प्रसंगाची वाखाणणी सर्वांनीं केली आहे, आणि ती यथार्थच आहे. तेच अलंकार पुढें नवव्या अंकांत न्यायसभेंत मैत्रेयाजवळून खालीं पडतात आणि चारुदत्ताविरुद्ध पुरावा होऊन बसतात, ही कविची योजनाही पुष्कळांनीं दाखविली आहे. परंतु ज्या वस्तूवरून नाटकास नांव मिळालें ती वस्तु घडविली कोणीं? रदनिकेनें. साऱ्या नाटकांत तिच्या त्या कामाबद्दल कोणी चकार शब्द काढीत नाहीं. गाडी गरिबीची खूण म्हणून येते, दागिने भरण्याचें पात्र म्हणून उपयोगी पडते, आणि निघून जाते.

आम्ही ह्यापुढें एक पाऊल जाऊं इच्छितों. रोहसेन मातीच्या गाडीवर रुसतो तें ती मातीची आहे म्हणूनच काय? सोन्याची गाडी दुसऱ्याची, तशी मातीची गाडीही दुसऱ्याच्याच हातची. मुलास दोन्हीं आयत्या मिळालेल्या; मग दोहोंपैकीं चकाकणारी मागणें हें स्वाभाविकच होय. रदनिकेनें त्याच्यापुढें गाडी न ठेवतां मातीचा ओला गोळा ठेवला असता तर तो रडावयाचा थांबला असता कीं नाहीं, सांगतां येत नाहीं; कदाचित् अधिकच रडला असता. पण संध्याकाळपर्यंत त्याच्या हातून जें कांहीं वांकडेंतिकडें झालें असतें, तें देऊन टाकून सोन्याची गाडी घ्यावी कीं काय, ह्याचा त्याला एकदां तरी विचार पडला असता. अर्थात् मग शूद्रकाचें नाटक पुढें सरकलें नसतें, आणि जगाचें नुकसान झालें असतें. आमचें म्हणणें नाटकाविषयीं नाहीं. प्रेमळ रदनिकांविषयीं आणि मामांविषयीं आहे.

येथें इंग्रजी वाचलेला कोणी विद्वान् रस्किनचें नांव काढील. 'व्हेनिसचे पाषाण' ह्या ग्रंथाच्या १८५३ सालच्या दुसऱ्या खंडांत गॉथिक शिल्पाविषयीं जें प्रकरण आहे, त्यांत रस्किननें निर्दोष सफाईचा आग्रह हा कारागिरास गुलाम करणारा आहे असें मत मांडलें, व अपूर्णतेंत जिवंतपणाची खूण पाहिली. हें मत आम्हीं तरुणपणीं वाचलें, शिकविलें, त्यावर प्रश्नही काढले. परंतु त्याचा आधार घेऊन आतां पेटीच्या नंदीस पहिलें बक्षीस द्यावें असें म्हणणें म्हणजे दुसरी चूक करणें होय. रस्किन बोलत होता तो प्रौढ पाथरवटांविषयीं, आणि त्यांनीं रचलेलीं मंदिरें उभीं राहिलीं होतीं, कोसळलीं नव्हतीं. हल्लीं मुलाच्या हातून कांहींही झालें तरी 'वा, किती सुंदर' म्हणण्याची जी रीत शाळांतून व घरांतून पडली आहे, ती आम्हांस त्या सागवानी रोगणाइतकीच पोकळ वाटते. तिच्यांत मुलाचा एक प्रकारें अपमानच आहे. कारण आपलें चाक निखळतें हें त्या मुलास चांगलें ठाऊक असतें, आणि मोठ्या माणसास तें दिसलेंच नाहीं किंवा दिसूनही तें खोटें बोललें, एवढाच त्या स्तुतीचा अर्थ तो काढतो. काटोलच्या मुलानें आमच्यापाशीं स्तुति मागितली नव्हती. त्यानें आम्हांस तार दाखविली होती. त्यावर, तार जाड मिळेना तर दोन बारीक तारा पिळून घे, किंवा आंसाला बोरूचें नळकांडें घाल, असें कांहीं सांगणें हें खऱ्या परीक्षकाचें काम होतें. पण त्यासाठीं परीक्षकाला चाक कसें फिरतें हें ठाऊक असावें लागतें. आम्हांस तें गेल्या वर्षीं ठाऊक नव्हतें. नळकांड्याची युक्ति आम्हीं मागाहून एका सायकलवाल्यास विचारून घेतली.

बाजारानें ह्या अज्ञानाचा बरोबर फायदा घेतला आहे. 'स्वतः करा' अशा मथळ्याच्या पेट्या आतां सुट्टीच्या सुमारास दुकानांत मांडलेल्या असतात व घरपोंचही येतात. यंत्रानें कापलेले, क्रमांक घातलेले तुकडे, डिंकाची नळी, रंगाच्या चार-सहा कुप्या, आणि झांकणावर तयार वस्तूचें चित्र. त्यांत दहा मुलांनीं केलेले दहा बैल एकसारखे निघतात, आणि एकसारखे निघाले नाहींत तर आई-बाप दुकानदारावर रागावतात. पाय आखूड होण्याची सोयच त्यांत नाहीं, म्हणून चरणारा बैलही त्यांतून निघावयाचा नाहीं. अशा पेट्यांबद्दल ह्याहून अधिक लिहिण्यासारखें कांहीं आम्हांस सुचत नाहीं.

लिहिण्यासारखें आहे तें कृति सांगणाऱ्या मराठी गद्याविषयीं. १९०६ सालीं वासुदेव गोविंद आपट्यांनीं काढलेल्या 'आनंदा'पासून १९७१ सालीं सुरू झालेल्या 'किशोर'पर्यंत मुलांच्या मासिकांची आपली परंपरा चांगली लांब आहे. तथापि 'करून पाहा' छापाचा मजकूर आपल्याकडे एकंदरीत नीरसच राहिला. एक पुठ्ठा घ्या, तो आंखल्याप्रमाणें कापा, चिकटवा, वाळूं द्या: हीं आज्ञार्थी वाक्यें जणूं काय कोणाचा पुठ्ठा कधीं वांकडा कापलाच जात नाहीं अशा थाटांत लिहिलेलीं असतात. ह्या जातीच्या लेखनांतला आपल्याकडील यशस्वी नमुना पाहावयाचा तर स्वयंपाकघरांत जावें लागतें. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० सालीं निघाली व पिढ्यान् पिढ्या टिकली, त्याचें कारण तिच्यांतलीं मापें वाटी-चमच्याचीं आहेत. वाचणारणीच्या हाताशीं जें असेल त्यावरच लेखिकेनें विश्वास ठेविला.

तोच विश्वास अरविंद गुप्ता ह्यांच्या पुस्तकांत आहे. ह्याच काटोलच्या लोहमार्गानें उत्तरेस इटारसीपर्यंत गेलें म्हणजे होशंगाबाद, आतांचें नर्मदापुरम्, जिल्हा लागतो. तेथें १९७२ सालीं सोळा शाळांतून विज्ञान शिकविण्याचा एक नवा प्रयोग सुरू झाला. तो २००२ पर्यंत चालला व मग शासनानें बंद केला. कानपूरच्या आय्. आय्. टी. चे पदवीधर गुप्ता १९७८ सालीं मोटारीच्या कारखान्यांतून वर्षभराची रजा घेऊन तेथें गेले, आणि आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी ह्यांनीं आकृति जुळविण्याचा त्यांचा सुप्रसिद्ध खेळ तेथें जन्मास आला. पुढें पुण्यास आयुकाच्या बालविज्ञान केंद्रांत त्यांनीं बरींच वर्षें काम केलें. २०१८ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. त्यांच्या पुस्तकांत वाक्यें तोकडीं, चित्रें बोलकीं, आणि सामान असें कीं कोणत्याही घरच्या केरांत सांपडावें. टीकाकार म्हणून आमची एकच तक्रार आहे. त्यांचें खेळणें कांहींतरी सिद्ध करण्यासाठीं असतें. तत्त्व कळलें कीं खेळण्याचें काम संपतें. तान्ह्या पोळ्याचा नंदी कांहींच सिद्ध करीत नाहीं. वर्ध्यास ऑक्टोबर १९३७ मध्यें जी शिक्षणपरिषद भरली व जिच्यांतून पुढें झाकिर हुसेन समितीची योजना निघाली, तिनें हस्तव्यवसायास शिक्षणाच्या केंद्रस्थानीं बसविलें, हें मोठेंच कार्य झालें. पण तेथेंही हाताच्या कामास उपयोगाची व उत्पन्नाची जोड हवी होती. नंदी विकावयाचा नसतो, त्यावर सूत निघत नाहीं, आणि दुसऱ्या दिवशीं तो माळ्यावर जातो. ह्या निरुपयोगीपणामुळेंच आम्हांस तो काव्याच्या जवळचा वाटतो, आणि त्याचें परीक्षण काव्याइतकेंच कठीण.

स्पर्धेच्या चालकांस आम्हीं नंतर पत्र लिहिलें व कागदावर 'घडण' हा रकाना घालावा असें सुचविलें. त्यांचें उत्तर आलें तें आमच्यापेक्षां शहाणपणाचें होतें. असा रकाना घातला कीं पुढच्या वर्षीं बाप मुद्दाम ओबडधोबड नंदी करून आणतील, असें त्यांनीं लिहिलें. हें खरें आहे; मामा काय वाटेल तें करूं शकतात. तेव्हां आम्हीं दुसरें सुचविलें: रकाना नको, परीक्षकानें प्रत्येक मुलाजवळ दोन मिनिटें बसून, तुझ्या नंदीचें काय बिघडलें आहे, एवढेंच विचारावें. ज्यानें नंदी केला असेल तो बोलूं लागेल व थांबणार नाहीं. ज्याचा आणलेला असेल तो वडिलांच्या तोंडाकडे पाहील. साठ-सत्तर मुलांस दोन-दोन मिनिटें दिलीं तर दिवे लागतील, असें चालकांचें म्हणणें पडलें. तूर्त प्रश्न तेथेंच राहिला आहे.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. त्या दिवशीं बक्षीससमारंभ आटोपून आम्ही बसस्थानकाकडे निघालों तों वाटेंत एका बंद दुकानाच्या पायरीवर तो मुलगा बसलेला दिसला. बाकीचीं मुलें बोजारा मागत पुढें गेलीं होतीं. ह्यानें नंदी उताणा घातला होता व दगडानें तार ठोकून सरळ करीत होता. आम्ही थांबलों, खिशांत हात घातला आणि बोजारा म्हणून एक नोट पुढें केली.

"थांबा सर," तो म्हणाला. "पहिले चालवून दाखवतो."

नंदी सरळ केला, दोरी धरली. चार-पांच हात तो खरोखरच चांगला चालला. मग डावीकडे ओढूं लागला व नालीच्या कडेशीं जाऊन अडकला. मुलानें तो उचलला, चाकाकडे डोळा लावून पाहिलें, "अजून वढते," असें आपल्याशींच म्हणाला, आणि पुन्हां पायरीवर बसला. नोट आमच्या हातांतच होती.